पाचवा शब्द माझ्याकडे आलाय, 12 मिनिटं. बोलू की नाही म्हणू?

सातपूरची_लेक | सोमवार, रात्री 10.47

सगळ्यांना सलाम. नेहमी वाचते इथे, लिहायची पहिलीच वेळ, धागा चुकीच्या जागी पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

विषय असा की गुड फ्रायडेला आमच्या चर्चमध्ये 12 ते 3 उपासना असते आणि वधस्तंभावरचे सात शब्द, म्हणजे येशूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, त्यावर सात जण बोलतात. पाळकसाहेब एक-दोन घेतात, बाकीचे मंडळीत वाटून देतात, एक तरुण संघाला, एक महिला मंडळाला असं. काल गेटपाशी मी गाडी काढत होते तेव्हा पाळकसाहेब म्हणाले ताई या वर्षी पाचवा शब्द, "मला तहान लागली आहे", तुम्ही घ्या. मी हो म्हणाले की नुसती हसले ते मलाच आठवत नाही, पण रात्री ग्रुपवर यादी आली त्यात माझं नाव आणि पुढे "12 मि."

मी लॅबमध्ये काम करते, दिवसभर रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं लावते. संडे स्कूल 9 वर्षं घेतलंय पण पोरांना नोहाचं तारू शिकवणं वेगळं आणि पुलपिटवर, म्हणजे उपदेशाच्या मंचावर, उभं राहणं वेगळं. आणि खरं सांगू का, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं तिसऱ्या अध्यायाचं पहिलं वचन डोक्यातून जात नाहीये, तुमच्यापैकी फार जणांनी शिक्षक होऊ नये कारण शिकवणाऱ्यांचा न्याय जास्त कडक होणार. सासूबाई म्हणतात मान मिळालाय, घे. नवरा म्हणतो यूट्यूबवर शंभर संदेश आहेत, एक बघ आणि बोल. मला दोन्ही पटत नाहीये. काय करू?

नाशिकरोडचा_अंकल | सोमवार, रात्री 11.15

बोल ग. 12 मिनिटं म्हणजे काय लग्नाचं भाषण नाही. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे मिस्सात प्रवचन फादर किंवा डीकननीच द्यायचं असा चर्चचा कायदाच आहे, त्यामुळे माझ्यासारख्याला आयुष्यभर बाकावर बसून मार्क द्यायचीच सवय लागलीय, तुला उभं राहायला मिळतंय तर नाही काय म्हणतेस. फक्त लांबवू नको. पोप फ्रान्सिसनी 2024 मध्ये स्वतः सांगितलं होतं की प्रवचन आठ मिनिटांच्या पुढे नको, लोक झोपतात.

कॉलेजरोड_कट्टा | सोमवार, रात्री 11.22

अंकल झोपण्यावरून आठवलं, प्रेषितांची कृत्ये 20. त्रोवसला पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा पोरगा खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली. साक्षात पौलाच्या संदेशात माणूस झोपला, मग ताई तुम्हाला कसलं टेन्शन 😄

शरणपूरकर | मंगळवार, सकाळी 6.05

आता मी 71 वर्षांचा आहे, सात शब्दांपैकी पाच वेगवेगळ्या वर्षी बोलून झालेत माझे, म्हणून चार ओळी लिहितो, लांब झालं तर माफ करा.

पहिल्यांदा बोललो तेव्हा मी 26 चा होतो, बँकेत नुकताच लागलेलो. "हे बापा, त्यांना क्षमा कर" हा शब्द होता. मी तीन आठवडे तयारी केली, शेरोशायरी घातली, इंग्रजीतले मोठे मोठे शब्द घातले, लोक बाहेर आल्यावर हात मिळवत होते, फार छान बोललास. घरी आलो तर वडील गप्प. जेवताना एवढंच म्हणाले की तू बोललास बरा, पण मला येशू दिसला नाही, तूच दिसत होतास. 45 वर्षं झाली, तो घास अजून घशात आहे.

दुसरं शरणपूरचं सांगतो. शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात, सिग्नलला शिव्या घालतात, पण नाव कशावरून पडलं हे विचारा कुणाला. एकोणिसाव्या शतकात सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) मिशनने इथं वसाहत केली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथं आणून शिकवली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये मिशनरी आणि संशोधक लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं आणि त्या वेळी दफनविधीचं वाचन या आपल्या नाशिकमध्ये शिकलेल्या पोरानं केलं. का, तर त्या लोकांत वाचता येणारा तो होता. दीक्षा नाही, झगा नाही, पुलपिट नाही. वाचता येत होतं आणि वाचायची वेळ आली होती, म्हणून वाचलं.

तुम्हालाही वाचता येतं ताई. घाबरा, घाबरायलाच पाहिजे, पण घाबरून नाही म्हणू नका.

सडेतोड | मंगळवार, सकाळी 9.30

स्त्रियांनी मंडळीत शिकवू नये असं 1 तीमथ्य 2:12 मध्ये स्वच्छ लिहिलंय. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

शरणपूरकर | मंगळवार, सकाळी 9.52

आणि कृत्ये 18:26 मध्ये प्रिस्किल्ला आणि अक्विला मिळून अपुल्लोसासारख्या पट्टीच्या वक्त्याला घरी नेऊन नीट शिकवतात तेही स्वच्छ लिहिलंय. कबर रिकामी असल्याची बातमी शिष्यांना देणारी मग्दालीया मरीयाच होती. ताईंचं चर्च त्यांना बोलावतंय, तुमचं बोलावत नसेल तर तुम्ही तुमच्या चर्चमध्ये बसा.

ॲडमिन_गोदाकाठ | मंगळवार, सकाळी 10.10

स्त्रिया आणि पुलपिट यावर आधीच 214 प्रतिसादांचा धागा आहे, तिकडे भांडा. इथे पाचव्या शब्दावर बोला.

पुण्यात_शिकतोय | मंगळवार, दुपारी 1.40

सलाम ताई. मी सेमिनरीत दुसऱ्या वर्षाला आहे, मूळ देवळाली कॅम्पचा. आम्हाला प्रवचनशास्त्र हा आख्खा विषय असतो. त्यातलं तुमच्या कामाचं तेवढं लिहितो.

पाचवा शब्द म्हणजे "मला तहान लागली आहे", योहान 19:28. हा फक्त योहानात आहे, मत्तय मार्क लूकमध्ये नाही. ग्रीकमध्ये तर हे वाक्य एकाच शब्दाचं आहे, दिप्सो. म्हणजे सातांत सगळ्यात छोटा शब्द तुमच्याकडे आलाय, आणि छोटा असला की लोक त्याच्यात वाटेल ते भरतात. सगळ्यात जास्त भरतात ते म्हणजे "प्रभूला आत्म्यांची तहान लागली होती." चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, पण आधी पाण्याचीच तहान राहू द्या. रात्रभर चौकशी, फटके, ऊन, रक्त गेलेलं, माणसाला तहान लागणारच. तुम्ही लॅबवाल्या आहात, रक्त गेलं की शरीर पाणी कसं मागतं हे आमच्या प्रोफेसरांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत.

मग आजूबाजूला बघा. त्याला आधी गंधरस घातलेला द्राक्षारस देत होते तो त्याने घेतला नाही, मार्क 15:23. इथे मात्र स्पंजने तोंडाशी धरलेली आंब (आंबट द्राक्षारस) मागे पुढे न बघता घेतली. योहान म्हणतो शास्त्रलेख पूर्ण व्हावा म्हणून तो असं बोलला, तर स्तोत्र 69 मधलं 21 वं वचन उघडून बघा. आणि हाच येशू चौथ्या अध्यायात दुपारच्या वेळी विहिरीवर बसून शोमरोनी बाईला पाणी मागतो आणि वर म्हणतो मी देईन ते पाणी पिणाऱ्याला पुन्हा तहान लागणार नाही. तोच आता तहानलेला. 12 मिनिटांत एवढं पुष्कळ आहे, खरं तर जास्तच आहे, यातलं अर्धं गाळा.

यूट्यूबवरून उचलू नका एवढी विनंती. चॅटजीपीटीकडून तर अजिबात नको, आमच्या वर्गात एकाने केलं आणि त्यात एक वचन असं निघालं जे बायबलमध्येच नाही.

द्राक्षवेल_निफाड | मंगळवार, रात्री 9.20

दिवसभर बागेत होतो, आत्ता वाचलं. माझं एकच म्हणणं आहे आणि ते ऐकणाऱ्याच्या बाजूचं आहे.

आमच्याकडे एकदा पाहुणे उपदेशक आले होते, कुठले ते सांगत नाही. योहान 15, मी खरा द्राक्षवेल. निफाड तालुक्यात द्राक्षवेलीवर संदेश, निम्मी मंडळी बागायतदार, सगळे सावरून बसले. आणि साहेबांनी छाटणी असली समजावली की बस, म्हणे माळी वाळलेल्या फांद्या काढतो त्याला छाटणी म्हणतात. अहो वर्षातनं दोनदा छाटतो आम्ही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा चांगली हिरवी जिवंत काडी कापून बाग बोडकी करतो, ती काडी तयार होण्यासाठी. मग ऑक्टोबरात फळ छाटणी, तिच्यावर माल धरतो. फळ देणाऱ्यालाच साफसूफ करतो असं वचनातच लिहिलंय की. खरड छाटणी झाल्यावर बागेत उभं राहून बघा एकदा, वाटतं सगळं संपलं. तिथं संदेश होता. समोर 40 माणसं बसली होती ज्यांनी तो जगलाय आणि यांनी एकालाही विचारलं नाही.

राग आला असं नाही, वाईट वाटलं. वचन चांगलं होतं, आम्ही उपाशी गेलो आणि उपाशीच परत आलो.

ताई तुम्ही तहानेवर बोलणार तर ज्याला खरी तहान माहितीय अशा कुणाला तरी आधी विचारा.

कॉलेजरोड_कट्टा | मंगळवार, रात्री 9.48

मस्त आयडिया आहे, पेठ सुरगाणा त्र्यंबककडे पावसाळ्यात धो धो पडतो आणि उन्हाळ्यात बायका विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरतात, फोटो येतात ना दर वर्षी पेपरात. तेच घ्या, लोक रडतील बघा.

द्राक्षवेल_निफाड | मंगळवार, रात्री 10.02

लोक रडावेत म्हणून घ्यायचं असेल तर नकोच. त्या बायका काय आपल्या संदेशासाठी विहिरीत उतरत नाहीत.

पंचवटीकर | मंगळवार, रात्री 11.30

मी ख्रिस्ती नाही, शाळेतल्या मित्रामुळे या फोरमवर आलो आणि राहिलो. आमच्या घरात तीन पिढ्या कीर्तन आहे म्हणून बोलावंसं वाटलं.

माझे वडील कीर्तनाला उभे राहायच्या आधी अर्धा तास कुणाशी बोलायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं पाठांतर करतात. एकदा विचारलं तर म्हणाले, पाठांतर कधीच झालंय, मी कुणाकुणाचा राग धरून बसलोय ते आठवतोय. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, हे सगळं शिकता येतं, पण त्या गादीवर, म्हणजे नारदाच्या गादीवर, आपण उसने उभे आहोत हे शिकवता येत नाही असं त्यांचं मत. तुकोबांनी तर सांगून ठेवलंय की जिथं कीर्तन करायचं तिथलं अन्नसुद्धा घेऊ नये. वडील नारळ घ्यायचे, बाकी काही नाही. आता रेट ठरलेत, ते जाऊ दे.

शरणपूरकर | बुधवार, सकाळी 6.10

पंचवटीकर, फार बरं वाटलं वाचून. आमच्याकडेही कीर्तन आहे बरं का, नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची जुनी परंपरा, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्त मराठीतून, अभंगातून सांगायचा ध्यास घेतला होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर इथलंच, जलालपूर. टिळक 1919 मध्ये गेले, ख्रिस्तायन हे त्यांचं ख्रिस्तावरचं काव्य अर्धवट राहिलं, ते पुढे बाईंनी पुरं केलं. ज्या बाईचं शाळेत शिक्षण झालं नव्हतं तिनं. सडेतोड वाचताय ना?

पाकिटाचं म्हणाल तर पौलाने 1 करिंथ 9 मध्ये दोन्ही लिहिलंय. सुवार्ता सांगणाऱ्याने त्यावर जगावं हा हक्क आहे, आणि मी तो हक्क वापरला नाही. तंबू शिवून पोट भरायचा हे कृत्ये 18 मध्ये आहे. पाळकांना पगार द्यायलाच पाहिजे, त्यांना पण पोरंबाळं आहेत, गावाकडच्या पाळकांचे हाल मी बघितलेत. पण त्याच अध्यायात तो म्हणतो की सुवार्ता सांगतो यात मला फुशारकी मारायला जागा नाही, मला ते केल्यावाचून गत्यंतर नाही, नाही सांगितली तर माझी दुर्दशा होवो. माझ्या मते मान आणि ओझं असे दोन वेगळे डबे नाहीतच, एकच डबा आहे.

पुण्यात_शिकतोय | बुधवार, दुपारी 2.15

काकांच्या वडिलांच्या घासावरून दोन गोष्टी. चौथ्या शतकाच्या शेवटी क्रिसोस्टम नावाचे बिशप होते, नावाचा अर्थच सोन्याच्या मुखाचा, इतकं भारी बोलायचे. लोक चर्चमध्ये टाळ्या वाजवायचे. एकदा ते वैतागून म्हणाले की टाळ्या बंद, इथून पुढे गप्प ऐकायचं असा नियमच करू. तर त्या वाक्यालाच पुन्हा गलका झाला, तोही त्यांच्या प्रवचनात नोंदलेला आहे 😅

आणि यहेज्केल 33. सुरुवातीला पहारेकरी, तलवार येताना दिसली आणि शिंग फुंकलं नाही तर रक्ताचा जाब पहारेकऱ्याकडून. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच अध्यायाच्या शेवटी देव त्याला सांगतो की लोक तुझं ऐकायला येतात, तू त्यांना गोड गळ्याचा प्रेमगीत गाणारा वाटतोस, ऐकतात आणि करत काहीच नाहीत. शिंग न फुंकण्याइतकंच हेही भयंकर आहे, शिंग फुंकलं आणि लोक म्हणाले वा काय सूर आहे.

सातपूरची_लेक | बुधवार, रात्री 11.55

सगळं तीन वेळा वाचलं. पंचवटीकर दादांच्या वडिलांचं वाचलं आणि फोन ठेवून दिला होता.

खरं कारण सांगते, हसू नका. माझं नि माझ्या जाऊबाईंचं नोव्हेंबरपासून बोलणं बंद आहे. त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. भांडण कशावरून, तर पाण्याच्या मोटरवरून. टाकी एक, मोटर कुणी किती वाजता लावायची, बिल कुणी भरायचं, एकदा मी ड्यूटीवरून आले तर घोटभर पाणी नाही, मी जिन्यात उभी राहून जे बोलले ते आख्ख्या गल्लीने ऐकलं. त्या चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसतात, आम्ही मागे. आणि मी पुलपिटवरून म्हणणार "मला तहान लागली आहे." त्या बाकावर काय होईल याचा विचार करा.

म्हणून नाही म्हणणार होते.

नाशिकरोडचा_अंकल | गुरुवार, सकाळी 7.20

हसलो, माफ कर. पण मग आता तर तुलाच बोलावं लागणार.

शरणपूरकर | गुरुवार, सकाळी 7.45

अंकल घाई नको. ताई, मत्तय 5 मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर असं आहे. पण मी तुम्हाला असंही सांगणार नाही की समेट झाला तरच बोला, कारण मग मी पाचपैकी तीन शब्द बोलायला नको होते. जाऊन तर बघा. काही झालं नाही तरी, निदान आपण गेलो नव्हतो असं होणार नाही. आणि एक सांभाळा, पुलपिटवरून त्यांना टोमणा जाईल असं एकही वाक्य नको. पुलपिटला उलट उत्तर देता येत नाही म्हणून तिथून मारलेला दगड फार लागतो. मी पाळकांनाही तो मारताना बघितलंय, नावं घेत नाही.

द्राक्षवेल_निफाड | गुरुवार, दुपारी 12.30

आणि माफी मागायला जाल तर पुलपिटवर त्याची साक्ष देऊ नका. तेवढं त्या दोघींचं राहू द्या.

नाशिकरोडचा_अंकल | गुरुवार, रात्री 8.40

गंमत म्हणून सांगतो. हायडन हा ऑस्ट्रियाचा संगीतकार, त्याला 1780 च्या दशकात स्पेनमधल्या काडीझच्या चर्चकडून याच सात शब्दांवर संगीताचं काम आलं. तिथं बिशप एक शब्द उच्चारायचे, त्यावर थोडं बोलायचे, खाली उतरून गुडघे टेकायचे आणि मग साधारण 10 मिनिटं नुसतं संथ वाद्यसंगीत. म्हणजे बोलणाऱ्यालाही प्रत्येक शब्दानंतर गप्प बसायची सोय. आपल्याकडे एक उतरला की दुसरा चढतो. पाळकसाहेबांना सांगून बघ, प्रत्येक शब्दानंतर दोन मिनिटं तरी शांतता ठेवा.

सातपूरची_लेक | शनिवार, सकाळी 11.10

बोलले.

12 सांगितली होती, नऊ मिनिटांत झालं. अर्धं गाळलं, शोमरोनी बाई ठेवली, पेठ सुरगाणा नाही घेतलं. त्याऐवजी लॅबमधलं घेतलं, ॲडमिट पेशंटचं रक्त घ्यायला गेले की ऑपरेशन झालेली माणसं आधी पाणी मागतात, नाव सांगता येत नाही अशी माणसंसुद्धा पाणी मागतात, आणि आम्हाला द्यायची परवानगी नसते, कापूस ओला करून ओठांना लावतात नर्सबाई. तो स्पंजचा भाग वाचताना मला तेच दिसत होतं. हे सांगताना आवाज अडकला, ठरवून नाही, अडकला. मग एक जागा चुकले, "पाचवा" म्हणायच्या ऐवजी "चौथा शब्द" म्हणाले, पुढच्या बाकावरच्या आजींनी मोठ्याने दुरुस्त केलं. शांततेचं पाळकसाहेबांनी मानलं, दोन मिनिटं नाही पण एक तरी ठेवली. पहिल्यांदाच असेल, लोक एकमेकांकडे बघत होते की माईक बंद पडला की काय.

वर गेले होते, गुरुवारी रात्री उपासनेहून आल्यावर. दार उघडलं. मी म्हणाले त्या दिवशी जिन्यात मी नको ते बोलले. त्या म्हणाल्या, "हं." मग म्हणाल्या दूध उतू जातंय, आणि आत गेल्या. एवढंच झालं. शुक्रवारी तिसऱ्या बाकावर होत्या, पूर्ण वेळ गायनाच्या पुस्तकात बघत होत्या. मोटरचं अजून ठरलेलं नाही.

द्राक्षवेल_निफाड | शनिवार, दुपारी 1.05

रेकॉर्डिंग असेल तर टाका ना ताई, घरच्यांना ऐकवतो.

सातपूरची_लेक | शनिवार, दुपारी 1.30

नवऱ्याने केलंय, पण तो पंख्याखाली बसला होता. नऊ मिनिटं पंखा आहे आणि मध्ये एकदा आजी, "पाचवा, पाचवा."